सुंठीचा लेप

पंचवटीतल्या शामसुंदर गुरुजींच्या घरात गौरी आणायचा मान सुनेचा. त्या मानापायीच त्यांची सून अपूर्वा गेल्या वर्षी मरता मरता वाचली होती.

झालं असं, की श्रावणात एकामागून एक पूजा आल्या. सुनेची अडचण पुढे ढकलायला सासूबाई, गोदावरीबाई, स्वतः गोळ्या आणून देत आणि गिळली का तेही बघत. वर हरतालिकेचा निर्जळी उपास. अपूर्वाचं डोकं फुटायला आलं, एकाचे दोन दिसू लागले. गोदावरीबाई म्हणाल्या, "सुंठीचा लेप लाव नि पड घटकाभर. कामाच्या दिवशी बरं दुखतं तुझं डोकं." गौरी जेवायच्या दिवशी पुरण वाटता वाटता अपूर्वाला आकडी आली.

मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली होती. कुठल्या गोळ्या घेत होती का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा अपूर्वाची वाचा गेलेली होती. गोदावरीबाई म्हणाल्या, "गोळ्याबिळ्या काही नाही. माहेरचंच दुखणं असेल." वाचा आल्यावर अपूर्वाने खरं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, त्या गोळ्यांनी रक्त गोठायला बघतं, त्यात पोटात पाणी नाही. पण तोवर माहेरचं दुखणं गल्लीभर झालं होतं. ते इंदिरानगरला, अपूर्वाच्या धाकट्या बहिणीच्या होणाऱ्या सासरी पोचलं आणि तिचं, अंजलीचं, ठरलेलं लग्न अडलं.

अपूर्वाने हे गिळलं नाही, नुसतं तोंडात धरून ठेवलं.

यंदा गौरी आणायच्या दिवशी सकाळीच तिला पाळी आली. त्या गोळ्या आता कायमच्या बंद होत्या. गोदावरीबाईंनी विचारलं, "अडचण नाही ना तुझी?"

"नाही, आई."

धडधडीत खोटं बोलून तिला इतकं बरं वाटलं, की दवाखान्यातून घरी येतानाही वाटलं नव्हतं. उजव्या हातात अजून पुरता जोर नव्हता, तरी मुखवटे तिनेच आत आणले. दुसऱ्या दिवशी सोवळं नेसून पुरणाचा स्वयंपाक केला, नैवेद्य दाखवला. अख्खी गल्ली जेवली.

संध्याकाळी हळदीकुंकवाला शेजारच्या सुवर्णाताई म्हणाल्या, "काकू, यंदा गौरींच्या चेहऱ्यावर काय तेज आहे हो." गोदावरीबाई फुलून गेल्या. तेव्हा करंडा पुढे करताना अपूर्वा त्यांच्या कानाशी लागली.

"आई, कालपासून माझी अडचण आहे. तुम्ही सांगता सगळ्यांना, की मी सांगू?"

गोदावरीबाईंचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. सांगावं, तर गुरुजींच्या घरी पुन्हा कोण जेवेल? त्या हसल्या. आलेल्या प्रत्येक बाईला हसून कुंकू लावत राहिल्या, आणि प्रत्येक जण जाताना तेजाचं कौतुक करून गेली.

घर रिकामं झाल्यावर त्या भिंतीला टेकल्या. "डोकं फार दुखतंय गं."

"सुंठीचा लेप लावा नि पडा घटकाभर," अपूर्वा म्हणाली. "सकाळी अंजलीच्या होणाऱ्या सासरी तुम्हाला फोन करायचाय. दुखणं कुणाच्या घरचं होतं, ते सांगायला."

मग तिने खरंच सुंठ उगाळायला घेतली.