नॉर्मल झालं

माझ्या नवऱ्याचा, रत्नदीपचा, रिपोर्ट नॉर्मल आला, हे काल संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या मंगळवेढ्याच्या नणंदेला फोनवर इतक्या मोठ्यानं सांगितलं की शेजारच्या नीलम्मा शेपूची जुडी घेऊनच दारात आल्या.

“नॉर्मल झालं म्हणं! पोरगं का पोरगी?”

“आगं, बाळंतपण न्हाय, काळीज! आमच्या रत्नदीपचं काळीज नॉर्मल हाय.”

“अय्य! मग बाळंतिणीचा शेपू परत नेऊ का?”

“ऱ्हाऊ दे की. त्येलाच खायला घालती.”

दोघी हसत सुटल्या. मी भाजी निवडायला घेतली.

माझंही बाळंतपण नॉर्मलच झालं होतं. पेढे वाटून झाले आणि संध्याकाळी लेकीला, संघप्रियाला, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. तेव्हापासून मी त्या शब्दावर विसंबत नाही.

गेल्या महिन्यात रत्नदीप तिला गाडीच्या टाकीवर बसवून बालवाडीत सोडायला निघाला होता. अक्कलकोट रोडवर त्याच्या छातीत आवळून आलं. त्यानं गाडी कडेला घेतली, तिला उतरवलं आणि मातीत बसला. मला संघप्रियानंच सांगितलं, “पप्पा रस्त्यात बसले.” त्याचे वडील रावसाहेब याच वयात, एमआयडीसीत, चालत्या यंत्रमागापाशी कोसळले ते उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी तिला चालत नेऊ लागले.

काल तपासणी झाली. आधी सरकत्या पट्ट्यावर दम लागेपर्यंत चालवलं, शिरेतून औषध दिलं, मग मशिनखाली झोपवून हृदयाचे फोटो काढले. रक्त सगळीकडे नीट पोचतंय, डॉक्टर म्हणाले. अशा रिपोर्टच्या शंभर माणसांत वर्षभरात एखाद्यालाही झटका येणं अवघड. तंबाखू मात्र बंद.

“आणि तरी एखाद्याला आलाच, तर तो कोण असतो?” मी विचारलं.

“ते फोटोत दिसत नाही, ताई. पण अशा रिपोर्टवर लोक कामाला जातात, गाडी चालवतात. यांनीही चालवावी.” मग म्हणाले, “औषधाच्या किरणांचा अंश अंगात असतो. आजच्या दिवस लहान मुलांना जवळ घेऊ नका.”

तो नियम मी काटेकोर पाळला. संघप्रिया रडून माझ्याजवळ झोपली.

आज सकाळी रत्नदीपनं गाडी बाहेर काढली, तशी ती दप्तर घेऊन पळाली. मी तिचा हात धरला.

“अहो, आज नको. डॉक्टरांनी लांब ठेवायला सांगितलंय.”

“ते कालच्यापुरतं. आज कुणी सांगितलंय?”

सासूबाई उंबऱ्यात तांदूळ पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “राजश्री, त्येच्या बापाला कुणी तपासलंच न्हवतं. ह्येला तपासलाय. येवढा तरी फरक धर की.”

मी संघप्रियाला उचलून टाकीवर बसवलं आणि स्वतः मागे बसले.

“बाळंतीण फिरायला निघाली गं येसूबाई!” नीलम्मा गॅलरीतून सासूबाईंना ओरडून म्हणाल्या. रत्नदीप लाजून हसला.

अक्कलकोट रोडला लागल्यावर तो म्हणाला, “अगं, शर्ट सोड. बटण तुटंल.”

माझी मूठ त्याच्या छातीवर आवळलेली होती. ती मी सोडवली आणि सीटमागची कडी धरली. तेवढ्यात ती जागा आली, जिथं तो बसला होता.

“पप्पा, हितं!” संघप्रिया म्हणाली.

“व्हय,” तो म्हणाला, आणि गाडी तशीच पुढं गेली.