डावा कल्ला

वीरेंद्रने गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस तसाच ठेवला आणि मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

"पाह्य ना रजत. कोण्या अनाड्यानं भादरलं गा याले!"

मोबाइलमध्ये घनश्याम महाराज रामायण सांगत होते. दर सोमवारी संध्याकाळी त्यांचं प्रवचन यायचं आणि अर्धा बालाघाट ते ऐकायचा. वीरेंद्र मात्र ऐकत नसे, नुसता बघत असे. हनुवटीखाली दोन जागी कापलेलं, मिशी एकीकडे जाड, आणि कल्ले तर काय, एक आभाळात, एक पाताळात!

"लिहून टाक ना मंग," रजत फेसातून हसला.

आपल्या नावाने कशाला लिहायचं? महाराजांचे भक्तही दाढीला येतातच की. वीरेंद्रकडे एक खोटं नाव तयार होतं. त्याने प्रवचनाखाली लिहिलं, 'महाराज, जगाला आरसा दाखवता, जरा स्वतःही पाहा. डावा कल्ला एक बोट वर आहे. कल्ला कानाच्या पाळीवरून तोलतात. तुमची दाढी करणाऱ्याच्या हातातून आधी वस्तरा काढून घ्या.'

रजतची दाढी संपेपर्यंत चाळीस जण हसले होते. दुकान बंद करताना दोनशे झाले. स्वारी खूश.

मंगळवारी दुकान बंद असे, तेव्हा तो बालाघाटहून लालबर्र्याला, गावच्या घरी जाई. त्याचा बाप महागू याने चाळीस वर्षं गावची डोकी भादरली होती. दोन वर्षांपूर्वी त्याचा हात थरथरायला लागला आणि वीरेंद्रनेच त्याला काम सोडायला लावलं. त्या दिवशी म्हातारा जेवला नव्हता.

आज महागू ओसरीवर बसला होता. पुढ्यात जुनी धोकटी उघडी होती आणि तो एकेक वस्तरा पुसून कापडात गुंडाळत होता. दाराशी पौर्णिमा वहिनी उभी होती. तिने हातातला मोबाइल पदराखाली घेतला.

"हे काय, बाबा?"

"आवरून ठेवतो." महागूने वर पाहिलं नाही. "तुले सांगतलं नोतं, रागावशीन म्हणून. घनश्याम महाराज दर सोमवारी माह्याकडेच येते दाढीले. म्या म्हणलं, जी, माहा हात थरथरते. तं म्हणे, काका, माह्या बापाची दाढी तुम्हीच केली, मी दुसऱ्याजवळ नाही बसत."

महागूने पुढचा वस्तरा कापडात गुंडाळला.

"मंग मीच पौर्णिमाले म्हणलं, लोकायनं काय लिवलं ते वाच. एकानं लिवलं, वस्तरा काढून घ्या. बराबर लिवलं त्यानं. आता महाराजाले सांगून देतो, येऊ नोका म्हणून."

"लोकायचं काय ऐकता बाबा! त्यायले काय समजते?"

"ज्यानं लिवलं, त्याले समजते."

आपलं तोंड शेणात घालावं असं वीरेंद्रला झालं.

तो खाली बसला. बापाच्या समोर, मांडी घालून, लहानपणी बसायचा तसा.

"बाबा, माही दाढी करून द्या."

"तुही? काहून?"

"वाढली हाय."

कालच केलेली होती. महागूने त्याच्या गुळगुळीत गालावरून हात फिरवला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग एक वस्तरा कापडातून पुन्हा काढला.

पौर्णिमाने पाणी आणून दिलं. वस्तरा गालावर थरथरत फिरला. हनुवटीखाली झोंबलं, वीरेंद्र हलला नाही. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने वाहू दिलं. शेवटी महागूने दोन्ही हातांची बोटं त्याच्या कानांच्या पाळ्यांना लावली आणि मान तिरपी करून पाहिलं.

"पाळीवरूनच तोललं, बरं," तो हळूच म्हणाला. "तुले शिकवलं होतं तसंच."

वीरेंद्रने मान खाली घातली. महागूने धोकटी बंद केली आणि रोजच्या जागी, खुंटीला अडकवली.

"सोमवारी महाराज येते," तो पौर्णिमाला म्हणाला. "तुरटी संपली हाय. आणून ठेवजो."

बुधवारी सकाळी दुकान उघडलं. तीन भिंतींना तीन आरसे होते. तिन्हींत वीरेंद्रचा डावा कल्ला एक बोट वर दिसत होता. वस्तरा हाताशीच होता, पण त्याने तो उचलला नाही.

रजत आत आला आणि दारातच खो खो हसायला लागला.

"अबे, कोण्या अनाड्यानं भादरलं गा तुले?"

"माह्या बापानं," वीरेंद्र म्हणाला आणि त्याच्यासाठी खुर्ची झटकली.