टोपभर रस्सम आणि तिवरांचं रान

"सांगितलं तर एकही माणूस मानायचा नाही!" असं म्हणून बशीरचाचांनी मांडी ठोकली, की कतरच्या किनाऱ्यावर समैस्म्याला आलेले चित्रकार ब्रश खाली ठेवून सरसावून बसत. चाचा मूळचे रत्नागिरीचे. इथे अबू राशिदच्या किनाऱ्यावरच्या जागेचे राखणदार.

वर्ल्डकप तेव्हा वर्षावर आला होता. सगळं कतर खणून निघत होतं. सकाळचा रस्ता संध्याकाळी जागेवर सापडेल याची खात्री नव्हती. अबू राशिदच्याही मनानं घेतलं, की तिवरं उपटायची, खाडीत भराव घालायचा आणि पाहुण्यांसाठी तंबू ठोकायचे. त्या चिखलात एकेक रोप चाचांनी हातानं खोचलं होतं, आता तिथे फ्लेमिंगो उतरत. पण मालकाला सांगणार कसं? चाचांचं अरबी 'यल्ला'ला सुरू होऊन 'खलास'ला संपायचं.

बुलडोझर आला तो नेमका शुक्रवारी. शेजारच्या अल खोरची, गॅस प्लांटवरची मराठी मंडळी सहलीला आलेली, चाचांनी त्यांच्यासाठी टोपभर रस्सम उकळत ठेवलेलं. अबू राशिद गाडीतून उतरला आणि मंडळींकडे बोट दाखवून त्यानं अरबीत विचारलं, "हे कोण?"

चाचांना वाटलं, टोपात काय आहे ते विचारतोय. छाती काढून म्हणाले, "रस्सम!"

आता अरबीत रस्साम म्हणजे चित्रकार. मालकाचे डोळे विस्फारले. "कुल्लुहुम? सगळे?"

"सगळ्यांना पुरेल!"

अबू राशिदच्या भावाकडे घोडे होते, मेव्हण्याकडे ससाणे. पदरी चित्रकार मात्र कुणाच्याच नव्हते. त्यानं बुलडोझर थांबवला आणि भराभरा काहीतरी बोलला. मंडळींतल्या, प्लांटवर अरबी शिकलेल्या संजीवचा चेहरा उतरला.

"चाचा, तो म्हणतो, चित्र दाखवा. आवडलं तर तिवरं राहतील, पक्षी राहतील, चित्रकारांना इथे खोल्याही बांधून देईन. अहो, पण आम्ही इंजिनीअर! जन्मात व्हॉल्व्हशिवाय काही काढलं नाही!"

"मग व्हॉल्व्हलाच चोच काढ," त्याची बायको शैलजा म्हणाली आणि तिनं पोरांचे रंग चादरीवर ओतले.

संजीवच्या फ्लेमिंगोच्या गुडघ्याला नटबोल्ट आले. अबू राशिदच्या कपाळाला आठ्या पडल्या. बुलडोझर पुन्हा घुरघुरला.

"आणि तेवढ्यात," चाचांनी आवाज खाली आणला, "एक फ्लेमिंगो आला. गुलाबी रंगात पाय बुडवले, चादरीवरून नवरदेवासारखा चालत गेला, वळून मान तिरकी करून बघितलं, एक पाऊल कमी वाटलं म्हणून परत येऊन तेही उमटवलं! मालक 'माशाल्ला' म्हणत वाळूत बसला. बुलडोझर गेला तो गेलाच. तिवरं आहेत, पक्षी आहेत, खोल्यांत तुम्ही आहात. चादर ती बघा, भिंतीवर!"

चहा घेऊन आलेल्या जैतूनचाचीनं ट्रे आदळला.

"खोटं! सपशेल खोटं! कसला पक्षी नि कसलं काय! मालक फोनवर बोलत पाठमोरा झाला, तेव्हा तीन बोटं रंगात बुडवून चादरभर ठसे तुम्हीच मारलेत. आठवडाभर गुलाबी हातानं जेवत होतात, मी बघितलंय!"