अठरा बांध्यांचं धान

सदतीस वर्षांचा झालो, तरी माझी नोकरी अकरा महिन्यांचीच. पोस्टडॉक म्हणतात तिला. पीएचडी झालेल्या माणसाला विद्यापीठ कायम करत नाही, धड सोडतही नाही. तिसरं वर्ष मिळायचं तर नोव्हेंबर संपायच्या आत यंदाचे आकडे द्यायचे होते. ते आकडे उभे होते केशोरीला, आमच्याच शेतात. कमी पाण्यावर तगणाऱ्या धानाचे अठरा वाण, अठरा छोट्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यांत. एकेक बांधी वेगळी कापायची, वेगळी तोलायची. बस्स.

बाबांना फोनवर दहादा सांगितलं होतं, मी आल्याशिवाय विळा लावू नका. पण माझ्या मार्गदर्शक सरांनी त्यांच्या परिषदेच्या खुर्च्या लावायला मला चार दिवस अडकवून ठेवलं. पीएचडी करून खुर्च्या! पण बोलायची सोय नाही, सही त्यांचीच लागते.

अर्जुनीहून बसनं आलो आणि थेट शेतावर गेलो. बांध्या रिकाम्या. मधोमध कापलेल्या धानाचा एकच मोठा पुंजणा रचलेला, अठराही वाण त्यात एकत्र.

"आभाळ आलं होतं," बाबा खुशीत म्हणाले. "शेजारच्या चैतरामच्या घरचे आठ जण बलावले, एका दिवसात काम खतम. आन् ह्या तुह्या पाट्या. एकबी हरवू देली नाही." वाणांची नावं लिहिलेल्या अठरा पाट्या धुऊन, सुतळीनं बांधून ठेवल्या होत्या.

मी ओरडलोच. "काऊन कापलं बाबा? सांगितलं होतं ना तुमाले!"

"धान भिजला असता त काय तोललं असतं तू?"

आमच्याकडे कापणीला आलेल्या धानावर आभाळ आलं की शेत कोणाचं हे कोणी विचारत नाही. बाबा तर घरोघर जयभीम घालत फिरले होते, पोराचं, संघदीपचं धान आहे म्हणून. राग कोणावर काढू? मला नुसता थकवा आला, दहा वर्षांचा एकदम.

शेताच्या धुऱ्यावर बसून सरांना फोन लावला, झालं ते सांगितलं.

"अरे, मागच्या वर्षीचे आकडे घे आणि थोडे वरखाली कर," सर म्हणाले. "कोण बघायला येतंय?"

खोटं कशाला सांगू, फोन कानाशीच धरून वही उघडली होती मी. तीन आकडे लिहिलेही. मग वाटलं, यावर विसंबून उद्या चिचगडकडचा एखादा माणूस नुसत्या पावसाच्या भरवशावर हे धान लावेल, आणि त्याचं अख्खं साल जाईल. मी तिन्ही आकडे खोडले.

"नाही जमणार, सर."

"मग डिसेंबरपासून तुझी जागा दुसऱ्याला द्यावी लागेल." आवाजही चढला नाही त्यांचा.

फोन ठेवला. बाबा समोरच उभे होते.

"काय म्हणते साहेब?"

"सुट्टी देली."

"किती दिवसाची?"

"चुरणा होऊन धान घरात येतवरी आहो मी."

बाबांचा चेहरा खुलला. "बरं झालं बापा. या साली माणसं मिळूनच नाही राहिले."