अबोल्यातला पेशंट

त्वचारोगतज्ज्ञ डॉ. दिगंबर खांबेटे यांनी आयुष्यात कुणाचा जीव घेतला नव्हता आणि वाचवलाही नव्हता. खरूज, नायटा, कोंडा यांवर मलम लिहून द्यायचं आणि एक ते चार झोपायचं, असा त्यांचा सरळ धर्म. पण रविवारी डॉक्टरांच्या मंडळात एका वकीलबाईंनी व्याख्यान ठोकलं. अत्यवस्थ पेशंट दारातून परत पाठवलात तर दंड होईल, कैद होईल, शिवाय डॉक्टरकीही जाईल. आम्ही तर कातडीवाले, असं खांबेट्यांनी हळूच सांगून पाहिलं. प्रथमोपचार कातडीवाल्यांनाही चुकलेले नाहीत, असं बाईंनी सुनावलं. तेव्हापासून डॉक्टरांची दुपारची झोप उडाली होती.

आणि नेमकं दोनच दिवसांनी, भरदुपारी दवाखान्याचं दार वाजलं. दारात समोरच्या दुकानातल्या सुशीलाबाई, आणि त्यांच्या खांद्याचा आधार घेतलेले, घामाने निथळणारे यजमान रावसाहेब. डॉक्टरांनी दोघांना आत घेतलं.

रावसाहेबांचं तांब्याच्या भांड्यांचं दुकान. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या दुपारच्या ठोकाठोकीची महापालिकेत तक्रार केली आणि दोघांत अबोला सुरू झाला. कसबा पेठेतला अबोला म्हणजे काही थट्टा नव्हे. गणपतीत दोघे रीतसर एकमेकांकडे जात, मुकाट्याने शिरा खात आणि मुकाट्याने परत येत. जो आधी बोलेल तो हरला, हे साऱ्या आळीला पाठ होतं.

रावसाहेब खुर्चीत बसले तेही भिंतीकडे तोंड करून. डॉक्टर सुशीलाबाईंना म्हणाले, "यांना विचारा, छातीत दुखतंय का?"

"सांग त्यांना, दुखतंय," रावसाहेब भिंतीला म्हणाले.

कळ हातात जातेय का, मळमळतंय का, सगळं असंच बाईंमार्फत झालं. वास्तविक तिघांची डोकी एकमेकांवर आपटतील इतकी ती खोली लहान. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि त्यांचाच वाढला. त्यांनी फोन करून रुग्णवाहिका बोलावली, पण ती बोळात शिरणार नव्हती. कुणीतरी कोपऱ्यावर उभं राहून वाट दाखवायला हवी होती. सुशीलाबाईंनी पदर खोचला, तुमचं तुम्ही काय ते बघा म्हणाल्या आणि निघून गेल्या.

आता आली पंचाईत. डॉक्टरांच्या तळहातावर रक्त पातळ करणारी गोळी होती, ती लगेच चावून खायला हवी होती, आणि मधला माणूस नव्हता. शेवटी डॉक्टर पंख्याला म्हणाले, "काही लोकांनी ही गोळी चावून खावी."

"काही लोकांच्या हातचं आम्ही घेत नसतो," रावसाहेबांनी भिंतीवरच्या नायट्याच्या तक्त्याला कळवलं.

डॉक्टरांना वकीलबाई दिसल्या, कोर्ट दिसलं, येरवड्याचं फाटक दिसलं. त्यांनी कळवळून पंख्याला सांगितलं, "नाही घेतली तर काही लोक तुरुंगात जातील."

हे ऐकून रावसाहेबांच्या चेहऱ्यावर, त्या अवस्थेतसुद्धा, निर्मळ समाधान पसरलं. पण ते अर्ध्यावरच राहिलं. चेहरा राखेसारखा झाला आणि खुर्चीच्या हातावरचा हात खाली घसरला.

मग मात्र डॉक्टर कायदा विसरले, येरवडा विसरले. सहा वर्षं रोज सकाळी खिडकीत चहा पिताना त्यांनी या माणसाला दुकान उघडताना पाहिलं होतं. एखाद्या दिवशी उघडायला उशीर झाला तर चहा गोड लागत नसे. ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी रावसाहेबांची हनुवटी धरली.

"रावश्या, तोंड उघड," ते म्हणाले. "भांडायचं ते मग भांड."

तोंड उघडलं. गोळी कशीबशी चावली गेली.

स्ट्रेचर आलं तेव्हा सगळी आळी दारात जमली होती. रावसाहेबांनी किलकिल्या डोळ्यांनी डॉक्टरांना जवळ बोलावलं. बायकोसाठी काही निरोप असेल, म्हणून डॉक्टर भीतभीत वाकले.

"आधी तू बोललास," रावसाहेब पुटपुटले.

"बोललो," डॉक्टर स्ट्रेचरबरोबर चालत म्हणाले. "सहा वर्षांचं साचलंय. डोळे मिटू नकोस, अजून पुष्कळ बोलायचंय."