आवाजाचं भाडं

साहेब, तुम्ही खोटं बोललात. एकदा नाही, दोनदा. आणि दोन्ही वेळा शब्द तोच वापरलात, 'मोफत'. तुम्ही कुठल्या मजल्यावर बसता, तुमच्या दारावर कसली पाटी आहे, मला ठाऊक नाही. पण तुमच्या कंपनीचं सिमकार्ड माझ्या पोटात आहे. तेवढ्या नात्याने तोंडावर बोलायचा हक्क मला आहे, आणि तो मी बजावणार.

बालमित्रांनो, तुम्ही दचकू नका. माझं भांडण तुमच्याशी नाही. मी एक जुना मोबाईल आहे. माझा एक कोपरा फुटला आहे आणि त्यावर कापडी चिकटपट्टी लावली आहे. पट्टी निळी आहे, कारण ज्या दिवशी मी पडलो त्या दिवशी दुकानात निळीच होती.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. टोप्या आणि हातमोजे घातलेल्या माणसांनी मला तुकड्या-तुकड्यांनी जोडलं. मग मी काचेच्या कपाटात दिव्याखाली बसलो. माझा पहिला मालक मला उशाशी घेऊन झोपायचा. पण माझ्याहून सडपातळ मोबाईल बाजारात आला आणि मालकाने मला दुरुस्तीच्या दुकानात टाकून दिलं. तिथे एका खणात, बिनबॅटरीच्या भावंडांत मी पडून होतो. एक दिवस खण उघडला आणि एका बाईने मला उचलून साबणासारखं उलटंसुलटं पाहिलं. "चालतो का नीट? का नुसताच दिसायला गोरा?" तिने दुकानदाराला विचारलं. ती मावशी.

मावशी कपडे शिवते. तिच्या तोंडात कायम दोन टाचण्या असतात, त्यामुळे ती अर्धं बोलणं ओठांच्या एका कोपऱ्यातून करते. तिच्या दुकानात मला मान मिळाला. गळ्यांचे नमुने माझ्यात, बाह्यांचे फोटो माझ्यात. माझ्या चार्जिंगच्या भोकात दोऱ्याचा भुगा साठला की ती सुईने माझा कान कोरायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, "घोडा आहे घोडा. अजून दहा वर्षं मरत नाही." मित्रांनो, असं कुणी म्हटलं की बॅटरी आपोआप भरल्यासारखी वाटते.

मावशीची थोरली बहीण ताई. ताईचा भाजीबाजारात गाळा आहे. आवाज असा की तिने पालकाचा भाव सांगितला तर बाजाराच्या पलीकडच्या टोकाचा माणूस घासाघीस सुरू करी. दोघी बहिणींचा एक जुना कायदा होता. ताई सकाळ-संध्याकाळ फोन करणार आणि मावशी तो उचलणार नाही. पूर्ण वाजून आपोआप थांबला, तर सगळं ठीक. ताईने मध्येच तोडला, तर काहीतरी बिघडलं आहे, मावशीने उलट फोन करायचा. उचललं की पैसे पडतात, न उचलता प्रेम फुकटात पोचतं, असा साधा हिशोब. मी वाजायचो, मावशी मशीन थांबवून शेवटपर्यंत ऐकायची आणि म्हणायची, "आहे बाई, ठणठणीत आहे."

मग ताईच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. जीव वाचेल, पण आवाज राहील असं सांगता येत नाही. तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली.

नेमकं त्याच्या आधी मावशी आणि काकांचं जहाजावर जायचं ठरलेलं होतं. काका म्हणजे मावशीचा नवरा. आयुष्यभर बस चालवली, निवृत्त झाले. मुलांनी मिळून दोघांना समुद्रावरची सहल भेट दिली होती. मावशी म्हणाली, मी नाही जात. ताई खवळली. "मला काय उद्या चितेवर चढवताय का? जा! आणि परत आलीस की माझ्याजवळ बस, तोपर्यंत मी आहे तशी बोलते आहे."

जाण्याआधी दोघं तुमच्या दुकानात आली, साहेब. काकांनी काउंटरवरच्या पोराला स्पष्ट विचारलं, "समुद्रात गेल्यावर पैसे कापणार नाहीत ना?"

"छे हो काका! जहाजावर वायफाय मोफत आहे," तो म्हणाला. "आणि मी तुम्हाला निरोपपेटीपण मोफत चालू करून देतो. तुम्ही उचललं नाही तर समोरचा माणूस त्यात बोलून ठेवेल. नंतर निवांत ऐका."

"बघ, किती चांगला मुलगा आहे," मावशी म्हणाली.

पोराचा दोष नाही. त्याला जे शिकवलं ते तो बोलला. शिकवलं कुणी, ते तुम्हाला माहीत आहे.

जहाज निघालं. किनारा मागे पडला तसे जमिनीवरचे टॉवर एकेक करून मला सोडून गेले. मग जहाजाच्याच डोक्यावर मला एक टॉवर दिसला. मित्रांनो, आमचा स्वभावच असा की टॉवर दिसला की आम्ही त्याचा हात धरतो. त्या टॉवरमधून गेलेला शब्द आकाशातल्या उपग्रहावरून फिरून जातो आणि त्याचं भाडं अंगावर काटा येईल इतकं असतं, हे मला कोण सांगणार? 'विमान मोड' नावाचं एक बटण माझ्या अंगावर आहे. ते दाबलं असतं तर मी कुणाचाच हात धरला नसता. मग वायफाय तेवढं वेगळं चालू करता आलं असतं. एका बटणाची गोष्ट! ती काउंटरवर सांगायला किती श्वास लागले असते, साहेब?

खोलीच्या दारामागे मोठ्या अक्षरांत 'मोफत वायफाय' लिहिलं होतं. मावशीने मला ते जोडलं. लगेच माझ्या पडद्यावर पोहण्याच्या तलावाच्या वेळा आल्या, जादूच्या खेळाच्या वेळा आल्या. मावशी खूश. तिने भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला, समुद्राचा फोटो पाठवला. फोटो जाईना. फोटोखाली छोटं घड्याळ दिसत राहिलं.

"तुझं डबडं म्हातारं झालंय," काका म्हणाले.

"डबडं म्हणू नका. समुद्राची हवा लागली असेल त्याला."

"लोखंडी बोटीला नाही लागली ती!"

आळ माझ्यावर आला. आम्हाला बोलायची सोय असती तर जगातली निम्मी भांडणं मिटली असती.

ताईचे फोन मात्र येत होते, सकाळ-संध्याकाळ, वेळेवर. एकदा जेवणाच्या दालनात मी वाजलो. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "अहो, तुमचा फोन वाजतोय."

"हो, वाजू दे. बहीण आहे."

"मग उचला की!"

"उचलायचा नसतो," मावशीने शांतपणे सांगितलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या बाईने आपल्या नवऱ्याकडे असं पाहिलं की तो खाली मान घालून जेवू लागला.

आता ऐका, काय होत होतं ते. घरी असताना पूर्ण वाजलेला फोन नुसता थांबायचा. इथे तो थांबत नव्हता. न उचललेला फोन जहाजावरून उलटा फिरून निरोपपेटीत जात होता. तुमच्या मोफत पेटीत! जाण्याचं भाडं, येण्याचं भाडं, दोन्ही मावशीच्या नावावर चढत होतं. तिकडे ताईला पेटीतली यंत्राची बाई ऐकू यायची. ताई पहिल्या दिवशी तिला "कोण गं तू?" असं विचारून, उत्तर न मिळाल्यामुळे चिडून फोन ठेवून मोकळी झाली. मग भाचीने तिला समजावलं की ही पेटी आहे, हिच्यात बोलून ठेवलं की मावशी नंतर निवांत ऐकते. फुकट पोचवायचं प्रेम तुम्ही उपग्रहावरून फिरवून आणलंत आणि बहिणींना कळूही दिलं नाहीत.

एके दिवशी मी भलत्याच वेळी वाजलो. मावशी आणि काका डेकवर उन्हात बसले होते. मी पूर्ण वाजलो. मावशी हसली. "आज भाजी लवकर संपलेली दिसते."

थोड्या वेळाने माझ्या कपाळावर पाकिटाची खूण उमटली. पेटीत निरोप आला होता. मावशीला खूण नवी होती, तिने ती काकांना दाखवली. आणि तेवढ्यात तुमची चिठ्ठी आली, साहेब. 'आपली खर्चाची मर्यादा संपली आहे. सेवा बंद करण्यात येत आहे.' मावशीने पाकिटावर बोट ठेवलं. काही नाही. पुन्हा ठेवलं. माझ्यातून नुसती टुंग टुंग.

काका मला घेऊन जहाजाच्या चौकशीच्या काउंटरवर गेले. मावशी मागे.

"वायफाय मोफत आहे ना?" काकांनी विचारलं.

"आहे ना सर. जहाजाच्या आतल्या आत."

"आतल्या आत म्हणजे?"

"म्हणजे जेवणाच्या वेळा, कार्यक्रम, दुकानं. बाहेरचे मेसेज हवे असतील तर वेगळा पॅक."

"म्हणजे बस मोफत, पण डेपोच्या बाहेर निघणार नाही! तीस वर्षं मी उगीच बस डेपोबाहेर काढली."

काकांनी पॅक घेतला. आणि मग माझ्या अंगात अडकून राहिलेले सगळे मेसेज धबाधब येऊन पडले. सगळे भाचीचे. 'मावशी, आईसाठी बेड मिळाला, ऑपरेशन आताच करायचं म्हणतात.' 'आई म्हणते तुला फोन करून घाबरवायचं नाही, तू काय पोहत येणार आहेस? म्हणून लिहिते आहे. वाचलंस की लगेच फोन कर.' 'मावशी, वाचत का नाहीस?' आणि शेवटचा. 'आई तुझ्याशी पेटीत बोलली. मला खोलीबाहेर काढलं होतं. बराच वेळ बोलत होती. आता आत नेलंय.'

मावशीने पुन्हा पाकिटावर बोट ठेवलं; पण पेटी वायफायवर नाही, लाइनवर उघडते, आणि लाइन तर तुम्ही बंद केली होती. मावशी तिथेच काउंटरसमोर खाली बसली. माणसं तिला वळसा घालून जादूच्या खेळाला जात होती.

ताईला कायदा माहीत होता, मित्रांनो. पूर्ण वाजवला तर धाकटी उचलणार नाही आणि घाबरणारही नाही. म्हणूनच तिने पूर्ण वाजवला. जे बोलायचं ते पेटीत बोलून ठेवलं. धाकटी सावकाश ऐकेल, असं तिला वाटलं. तुमच्या 'निवांत ऐका'वर त्या बाईने विश्वास ठेवला, साहेब.

पॅक संपण्याआधी भाचीने व्हिडिओवर ताईला दाखवलं. गळ्याला पांढरं गुंडाळलेलं. जीव वाचला होता. आवाज गेला होता. ताईने मावशीकडे पाहिलं, आपल्या कानाला बोट लावलं आणि भुवया उंचावल्या. ऐकलंस?

मावशीने मान हलवली. "ऐकलं गं. सगळं ऐकलं."

ताईने पुन्हा विचारलं, या वेळी तळहात पुढे करून. करशील ना?

"करेन. तू सांगितलंस आणि मी केलं नाही असं कधी झालंय?"

ताईचा चेहरा असा सैल झाला, जसा मोठं ओझं उतरवल्यावर हमालाचा होतो. मावशीने मला बंद केलं. काका म्हणाले, "अगं, तू ऐकलेलंच नाहीस!"

"मग काय सांगू तिला? सगळा आवाज त्या एका फोनवर खर्च केला आणि तो मला मिळाला नाही, असं सांगू?"

घरी आल्यावर दोघं पिशव्याही न उघडता तुमच्या दुकानात आली. काकांनी हुज्जत न घालता बिल भरलं. माझी लाइन सुरू झाली. मावशीने पडद्याकडे पाहिलं. पाकिटाची खूण नव्हती.

"लाइन बंद झाली की पेटी रिकामी होते, काकू," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "आता तर असा निरोप होता का, हेच आमच्याकडे दिसत नाही."

"बिलात तर तो फोन दिसतोय," मावशी म्हणाली.

"फोन आला होता ना, म्हणून चार्ज लागला."

काका काउंटरवर वाकले. "पोरी, माझ्या बसमध्ये कुणाचं गाठोडं हरवलं असतं तर मी त्याच्याकडे गाठोड्याचं भाडं मागायला गेलो नसतो."

मुलीने खाली पाहिलं. "मी वरती कळवते," ती म्हणाली. तिचाही दोष नाही. पण वरती म्हणजे तुम्ही. म्हणून मी तुमच्याशी बोलतो आहे.

मित्रांनो, तुम्ही जहाजावर गेलात तर चढण्याआधीच आमचा विमान मोड लावा. वायफाय त्यानंतर जोडा आणि जोडण्याआधी विचारा की ते जहाजाच्या बाहेर जातं का. निरोपपेटी बंद करून ठेवा. काही सांगायचं राहिलं असेल तर घरच्यांना बंदरावर उतरून फोन करा. आमची काळजी घ्या, आमच्यावर लगेच डबडं म्हणून आळ घेऊ नका. आणि कुणी मोफत म्हणालं तर त्याला न लाजता विचारा, काय काय मोफत आणि कुठवर? चारचौघांत विचारा. मोठ्यांना संकोच वाटतो, तुम्हाला वाटत नाही. तुम्हीच विचारा.

आता साहेब, तुमच्याकडे येतो.

ताई आता बरी आहे. रोज दुपारी ती मावशीच्या दुकानात येते, शिलाई मशीनजवळच्या स्टुलावर बसते. तिला सहीपुरतंच लिहिता येतं. थोडा वेळ बसली की ती कानाला बोट लावते आणि तळहात पुढे करते. कधी करतेस? मावशी टाचण्या तोंडात धरून म्हणते, "करते गं, चाललंय." काय करायचं आहे, ते तिला माहीत नाही. भाचीचं लग्न? गाळा कुणाला द्यायचा? कुणाची माफी मागायची? कुणाला माहीत. काल ताईचा तळहात बराच वेळ तसाच पुढे होता. मग तिने तो हळूच मागे घेतला आणि मावशीकडे पाहिनाशी झाली. तिला वाटतं, बहिणीने शब्द फिरवला.

तुम्ही तो आवाज जहाजापर्यंत नेल्याचे पैसे घेतलेत. तिथून परत पेटीत आणल्याचे घेतलेत. म्हणजे तो तुमच्या हातात आला होता. ताई आत्ता इथे स्टुलावर बसली आहे. मावशीने मला मशीनवर ठेवलं आहे, पडदा वर करून. तिने बहिणीला काय सांगायचं? तिचा आवाज कुठे ठेवलात? बोला, साहेब.