रिकामी टोपली

कामिनीचं डोकं फिरलं ते एका फोटोमुळे, आणि फिरायलाच पाहिजे होतं.

नागपुरातल्या तिच्या ऑफिसात कंपन्यांना मार्क देतात. कोण किती धूर सोडतं, किती पाणी उपसतं, शेजारच्या गावांशी कसं वागतं, हे मोजायचं आणि तुलना करून नंबर लावायचे. नंबर वर आला की बँका कर्ज देताना हात आखडत नाहीत. तेजाळ पोलाद या भिवापूरकडच्या कारखान्याला दुसरी भट्टी टाकायची होती, म्हणून त्यांना पहिला नंबर हवा होता. आणि तो येतही होता. यादी उद्या दुपारी जाहीर व्हायची होती. फक्त कामिनीची सही बाकी होती.

‘गावाशी संबंध’ या खान्यात तेजाळला पैकीच्या पैकी. का, तर वर्षभरात एकही तक्रार नाही. दुसऱ्या एका कंपनीने आलेल्या सगळ्या तक्रारी इमानदारीने लिहिल्या होत्या, तर तिचे मार्क कापले. म्हणजे खरं बोलेल त्याच्याच पाठीत रट्टा. वरून तेजाळच्या अहवालात पानभर फोटो. कारखान्याच्या फाटकापुढे हसतमुख साहेब, समोर टोपल्या घेतलेल्या बाया, आणि खाली छापलेलं, ‘ग्रामस्थांनी आपुलकीने दिलेली मिरचीची भेट’. सगळ्यात पुढे कामिनीची सख्खी मावशी उभी होती, प्रयागबाई. तिच्या चेहऱ्यावर आपुलकी शोधूनही सापडली नसती.

कामिनीने बसल्या जागेवरून फोन लावला. “मावशी वं, कारखान्यावर मिरची काहून नेली होती?”

“काहून म्हंजे? दाखवाले. वाळू घातलेल्या मिरचीवर रोज राख पडते. कळमन्याच्या बाजारातला व्यापारी हातात घ्याले तयार नाही. आपल्यात कसं असते, शेजाऱ्याच्या बैलानं पीक खाल्लं तं आपण भांडाले जात नाही. खाल्लेली धांडं त्याच्या दारात नेऊन ठेवतो. तो समजून जाते. आमी तसंच केलं.”

“मंग?”

“मंग त्यायनं टोपल्या वापस देल्या, पन रिकाम्या नाही देल्या. पेढे टाकून देल्या. आमाले वाटलं, चूक मानली. मानलेल्या मानसाच्या मागं किती लागायचं? म्हून चुप बसलो. पन राख काई थांबून नाही राहिली.”

कामिनीच्या अंगाची लाही लाही झाली. बायांनी नासलेला माल दारात नेऊन ठेवला, आणि या बेशरमांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला. बाया भल्या म्हणून तक्रार शून्य, आणि तक्रार शून्य म्हणून मार्क पूर्ण. भलेपणाची अशी कमाई खाणाऱ्यांना जनाची नाही तर मनाची तरी वाटावी.

ती तशीच तिच्या साहेबासमोर, उन्मेषसमोर जाऊन उभी राहिली. त्याने सगळं ऐकून घेतलं, फोटोही पाहिला.

“यात भेटच दिसते, कामिनी. आणि आपण नोंदलेलं तेवढंच मोजतो. त्यातून मावशी तुझी. खरं तर तू यातून बाजूला व्हायला पाहिजे.”

“होते बाजूला. मी सही करत नाही.”

“मग मी करीन. यादी निघायच्या आधी तक्रार माझ्यासमोर आली, तर नोंदवू.”

भिवापूरहून कोण मरायला येतंय, असं त्याला वाटलं असणार.

कामिनीने रात्रीच मावशीला फोन केला, आणि सकाळच्या पहिल्या बसने प्रयागबाई आली. मीटिंगच्या थंडगार खोलीत तिने टोपली टेबलावर ठेवली आणि वरचं फडकं काढलं. उन्मेषने हात जोडले. तो संस्कारी घरचा होता, नाही असं नाही.

“अरे वा, भिवापुरी मिरची. आमच्यासाठी आणली, मावशी?”

कामिनीला वाटलं, याच्या कपाळावर काहीतरी हाणावं. काल सगळं सांगून झालं होतं, आणि आज हा पठ्ठ्या पुन्हा तेच बोलत होता.

प्रयागबाईने टोपली उचलली आणि सरळ त्या चकचकीत टेबलावर पालथी केली. राख उडाली. उन्मेषला ठसका लागला. मिरच्या सारायला गेला तर त्याची बोटं काळी झाली. आता तरी त्याला कळलं असावं, कारण त्याची मान खाली गेली. काय करावं ते न सुचून त्याने बाजूचा बिस्किटांचा पुडा उचलला आणि टोपलीत ठेवला. “रिकामी कशी पाठवायची, मावशी?”

प्रयागबाईने पुडा काढून त्याच्यापुढे ठेवला.

“नाही जी. मांगच्या बारीले पेढ्यावर चुप बसलो. आता टोपली रिकामीच पाहिजे.”

कामिनीने लॅपटॉप उन्मेषपुढे सरकवला. तक्रारींच्या खान्यात अजून शून्यच होतं. प्रयागबाई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि टोपली मांडीवर घेतली.

“लिवा,” ती म्हणाली. “मी पाहून राहिली.”